लस टोचली, पण लागू पडली का?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



गुरांचा रोग हा काही महोत्सवी सभेचा विषय नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु आपल्या संस्थेच्या कित्येक कुटुंबांचा संसार आजही बेळगावच्या आसपासच्या गोठ्यांतील दुधावर चालतो, आणि लाळ-खुरकुताची साथ आली की दुभते जनावर आटून बसते.

आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. टोचल्यावर आठवडाभरात फोड येई, पुढे खपली धरे, आणि घरातली म्हातारी म्हणे, "उठल्या हो!" टोचणे निराळे आणि उठणे निराळे, हे तिला ठाऊक होते. लाळ-खुरकुताच्या लसीला असा वण नाही. लस उन्हात राहिली, किंवा उलट बर्फाला लागून गोठली, तरी सुई तशीच टोचली जाते आणि वहीत आकडाही तसाच पडतो. म्हणून रक्तालाच विचारावे लागते.

ते कसे विचारतात? मानेच्या शिरेतून थोडे रक्त काढतात. टोचणीच्या दिवशी एकदा आणि सुमारे २८ दिवसांनी पुन्हा. जनावर तेच हवे, आणि तेथे कानातला १२ अंकी बिल्ला कामी येतो. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी सुटते ते रक्तजल. विषाणूला धरून ठेवणारी प्रतिपिंडे त्यात असतात. प्रयोगशाळेत ते पातळ करीत जातात: आठपट, सोळापट, बत्तीसपट, चौसष्टपट. किती पातळ होईतो त्याची पकड टिकते, यावरून जोर ठरतो. चांगले आंबट ताक किती पाणी सोसते हे आपण पाहतो, तसेच काहीसे. एलायझा नावाच्या चाचणीत ही पकड रंगावरून कळते. आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे विषाणूचे तीन प्रकार असतात. एकाविरुद्धचा जोर दुसऱ्याला पुरत नाही. सबब तिन्हींची मोजणी वेगवेगळी.

आता खरी अडचण. सापडलेली प्रतिपिंडे लसीची की रोगाची? बुळकांडीच्या बाबतीत हाच पेच पडला होता. या देशात गुरांच्या रोगांची पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यास निघाली आणि १८९३ साली मुक्तेश्वरास गेली. १९५४ पासून बुळकांडीविरुद्ध देशभर टोचणी झाली. लस उत्तम होती, पण तिची प्रतिपिंडे आणि रोगाची प्रतिपिंडे चाचणीत सारखीच दिसत. टोचणी चालू असेतो रोग कोठे दडला आहे हे रक्त सांगू शकत नव्हते. अखेर टोचणी बंद करण्याचे धाडस करावे लागले. मग त्यानंतर जन्मलेल्या जनावरांची रक्ते तपासावयाची. त्यांत प्रतिपिंडे आढळली तर रोग अजून आहे असे समजावयाचे. भारतातील शेवटची लागण १९९५ सालची. २००६ साली देश मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. माझ्या मते त्या थांबण्याला टोचणीइतकेच श्रेय आहे.

लाळ-खुरकुतात तेवढे थांबावे लागत नाही. विषाणू अंगात वाढताना जी काही प्रथिने तयार करतो, ती लस शुद्ध करताना काढून टाकतात. त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली की रोग येऊन गेला असे बहुधा समजावे.

गाईच्या पोटात असताना वासराला आईची प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात, आणि त्याचे आतडे ती जेमतेम पहिला दिवसभर शोषून घेते. तेव्हा भगिनींनो, खरवस जरूर करा, पण वासराचे पोट भरल्यावर! हीच आईची प्रतिपिंडे पुढे लसीच्या आड येतात. म्हणून लाळ-खुरकुताची पहिली लस चवथ्या महिन्याच्या सुमारास देतात, आणि महिन्याने दुसरी.

"आमच्या गाईला टोचले आहे, मग रक्त कशाला?" असे पुष्कळ जण विचारतात, रक्त दिल्याने दूध आटते असेही म्हणतात. मोठ्या गाईच्या अंगात वीस लिटरांहून अधिक रक्त असते, आणि घेतात ते दोन चमचे. येत्या फेरीस ही मंडळी दारी आली, तर गाय मागच्या परड्यात नेऊन बांधू नका, एवढी विनंती करतो.