मेंढ्यांची कातरणी आणि माझ्या सुया

माझा पेशा शिकवण्याचा आणि छंद विणण्याचा. पुष्कळ वर्षे मी स्वेटर, टोपडी, पायमोजे विणते आहे. दुकानातून आणलेल्या लडीला आपण सर्रास लोकर म्हणतो. पण त्यातला बराचसा धागा मेंढीच्या अंगावरचा नसतोच मुळी. तो असतो ॲक्रिलिकचा, खनिज तेलापासून केलेला. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात करून पाहावे. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून काडी लावायची. खरी लोकर जळाली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळते, त्याचा टणक मणी होतो. तो मणी मात्र लगेच हातात घेऊ नये.

हा प्रयोग मी मुलांना दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, खरी लोकर आमच्या वाड्यावर हाय की. कातरणीला या."

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले. फलटण तालुक्यातली ही धनगर मंडळी दिवाळीनंतर बकरी घेऊन घाट उतरतात नि कोकणात जातात. (मेंढ्यांना ते बकरीच म्हणतात. आपली बकरी ती त्यांचे शेरडू. पहिला अर्धा तास माझा नुसता घोटाळा झाला.) त्याआधी एक कातरणी होते, आणि दुसरी पावसाळ्याच्या सुमारास. आदल्या दिवशी मेंढ्या ओढ्यात धुऊन काढलेल्या होत्या. शेजारच्या वाड्यांवरची माणसे आपापल्या कातरी घेऊन आली होती. मजुरी नाही, सावड. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, आणि दुपारी सगळ्यांना जेवण.

मेंढी आडवी पाडून तिचे पाय बांधतात. एक हात कातडी ताणून धरतो, दुसरा कातर चालवतो. सगळी मेख त्या डाव्या हातात आहे, हे मला उशिरा कळले. हौसेने मी कातर मागून घेतली. चार बोटे जागा नीट कातरली, मग कातडीला सुरकुती पडली आणि पात्यात आली. रक्त आले. मेंढी ओरडलीसुद्धा नाही, नुसती थरथरली. माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत, उठून आले. जखमेवर हळद दाबून म्हणाले, "बाई, हे कापड न्हाई. जित्राब हाय." मग माझ्या हातातली कातर त्यांनी काढून घेतली आणि मला लोकर निवडायला बसवले.

ते काम मला जमले. काळी वेगळी, पांढरी वेगळी, भुरी वेगळी. शेण लागलेली टोके तोडायची, गोखरू आणि कुसळे वेचायची. तासाभरात बोटे मेंढीच्या अंगच्या मेणाने मऊ झाली. हेच मेण शुद्ध करून मलमांत वापरतात. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. एका कातरणीत मेंढीमागे मूठ-दोन मुठीच निघते म्हणा ना! फक्त कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, ती हाताला गार आणि मऊ लागते.

संध्याकाळी ढीग बराच मोठा झाला. मी विचारले, "आबा, याचे काय येतील?"

"कोन घेतो आता?"

पूर्वी सनगर येऊन लोकर नेत. तिचे सूत काढून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणत. आता स्वस्त चादरी नि ब्लँकेटे घरोघर गेली, घोंगडी मागे पडली. तरी कातरावे लागतेच. नाहीतर लोकरीत गोचिड्या माजतात आणि पावसात भिजून मेंढी जड होते. पुष्कळ ठिकाणी लोकर रानातच टाकून देतात. काही जण जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीकडे वळले आहेत. तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नसतेच, आणि मटणाला भाव आहे. त्यांना दोष कसा द्यावा? मला वाईट वाटले ते वाटलेच.

निघताना आबांनी जावळाचे एक गाठोडे दिले. पैसे घेईनात. ते मी धुतले, पिंजले आणि चातीवर सूत काढले. सूत कुठे दोरीसारखे, कुठे केसासारखे! जाड सुयांवर टोपी घातली. उलटसुलट टाके तीनदा उसवले, कारण ही लोकर दुकानच्या धाग्यासारखी ताणत नाही. सुट्टी संपायच्या आत, वाडा हलण्यापूर्वी, ती आबांना नेऊन दिली.

त्यांनी टोपी उन्हात धरली, टाक्यांतून पलीकडचा माळ पाहिला. "हिच्यात पाऊस थांबंल का?"

"नाही थांबणार, आबा. विणीला भोके असतात. घोंगडीची वीण घट्ट, तिचे केस एकमेकांत गुंततात."

"मग थंडीला घालतो," म्हणाले, आणि पटक्याच्या आत, थेट टकलावर, ती बसवली. "टोचतीया."

"जावळाची आहे, तरी?"

"बाई, सूत जाड काडलंया तुमी. पुढल्या कातरणीला या, दावतो."