दैनिकाच्या कचेरीतला करहिशेबनीस

श्रोतेहो, वर्तमानपत्राची कचेरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे संपादक येतात, बातमीदार येतात, रात्रभर धडधडणारे छपाईचे यंत्र येते. या सर्वांपासून जरा बाजूला आणखी एक खोली असते. तिथे बातमी लिहिली जात नाही, कराचा हिशेब लिहिला जातो. तिथल्या माणसाला अजूनही ‘सेल्सटॅक्सवाले’ म्हणतात. वास्तविक महाराष्ट्रात २००५ साली विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे आपला जीएसटी, सुरू झाला. पण जुने नाव चिकटले ते चिकटलेच. मी हेच काम करतो, आणि त्याविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, विकलेल्या मालावर कर लावायचा, यात अवघड ते काय? किराणा दुकानदारही तेच करतो. अवघड हे, की वर्तमानपत्र नेमके काय विकते याचे उत्तर एक नाही. सकाळी तुमच्या दारात पडतो तो छापील अंक. त्यावर कर नाही. त्याच अंकातली जागा जाहिरातदाराला दिली की ती सेवा झाली. तिच्यावर पाच टक्के. तीच जाहिरात आमच्या संकेतस्थळावर झळकली तर अठरा टक्के. तोच अंक पडद्यावर वाचण्यासाठी कोणी वर्गणी भरली तर तीही सेवा, आणि तिलाही कर. न खपलेले अंक रद्दीत घातले तर रद्दीची विक्री वेगळी. एका अंकाची ही अशी पाच खाती!

छापील अंकाला कर नाही, यामागे इतिहास आहे. मुंबई प्रांतात विक्रीकर आला १९४६ साली. पुढे १९५० मध्ये राज्यघटना अमलात आली, तेव्हा मालाच्या विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, पण त्यातून वर्तमानपत्रे वगळली गेली. वर्तमानपत्रांची विक्री आणि त्यांतल्या जाहिराती यांवरचा कर केंद्राच्या यादीत ठेवला. ज्या सरकारवर पत्राने रोज टीका करायची, त्याच्याच हाती पत्राची दोरी जाऊ नये, ही काळजी त्यात दिसते. २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने ही जुनी वाटणी गेली. आजची करमाफी आहे ती सरकारी अधिसूचनेच्या आधारावर. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली वृत्तपत्रकागदावरील आयातशुल्काच्या खटल्यात जे सांगितले ते मात्र आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे. पत्रांना कर माफच असला पाहिजे असे नाही, परंतु कराच्या ओझ्याने त्यांचा गळा आवळला जाता कामा नये, असा त्याचा मथितार्थ आहे.

आता गंमत पाहा. माफी म्हणजे निव्वळ फायदा, असे वाटते ना? तसे नाही. कागद, शाई, दुरुस्ती, भाडे यांवर आम्ही कर देतोच. एरवी दिलेला हा कर आपण भरायच्या करातून वजा करता येतो. पण करमाफ मालाच्या वाट्याला आलेली वजावट मिळत नाही. समजा, एका महिन्यात अंकविक्री चाळीस लाखांची आणि जाहिराती साठ लाखांच्या. दोन्हींसाठी मिळून वापरलेल्या कागद-शाईवर पाच लाख कर दिलेला आहे. तर तीन लाखांची वजावट घ्यायची, आणि अंकविक्रीच्या वाट्याचे दोन लाख खर्ची टाकायचे. म्हणजे करमाफ अंकाच्या पोटातही थोडा कर दडलेला असतोच.

जाहिरात संस्थांचा हिशेब याहून नाजूक. एक लाखाची जाहिरात, संस्थेचे पंधरा टक्के. संस्थेने जागा स्वतः विकत घेऊन पुढे विकली असेल, तर आम्ही पंच्याऐंशी हजारांवर पाच टक्के, म्हणजे ४,२५० रुपये लावायचे. ती केवळ मध्यस्थ असेल, तर आमचे बिल थेट जाहिरातदाराला, पूर्ण लाखाचे. कर ५,००० रुपये. संस्था मग आपल्या पंधरा हजारांच्या दलालीवर अठरा टक्के, म्हणजे २,७०० रुपये आम्हाला लावणार. जाहिरात तीच, पैसे तेच. फरक केवळ कराराच्या कागदावरच्या दोन ओळींचा. म्हणून आमच्या खोलीत बिलाआधी करार वाचतात.

शिवाय गाव पाहावे लागते. जाहिरातदार व्यापारी नागपूरचा असेल, तर कर निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. पणजीचा असेल, तर तो आंतरराज्य कर. एकाच्या जागी दुसरा भरला तर योग्य तो पुन्हा भरायचा, आणि आधीचा परत मागत बसायचे.

या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट हरवू देऊ नये. कोणी गृहस्थ वडिलांच्या निधनाची छोटी जाहिरात द्यायला येतात. दोन हजारांची जाहिरात, वर शंभर रुपये कर. ते नोटा मोजून देतात, पावती घडी करून खिशात ठेवतात आणि जातात. त्यांतले दोन हजार पत्राचे; शंभर मात्र पत्राचे नव्हेत. ते सरकारी तिजोरीत जायचे आहेत, आणि तोवर आमच्याकडे ठेव म्हणून आहेत.

बोलायला सोपे, पण महिनाअखेरीला काय होते, ऐका. पगार व्हायचे असतात, कागदवाला दारात उभा असतो, मोठ्या जाहिरातदाराचे पैसे अडकलेले असतात. आणि बँकेत गोळा केलेला कर पडलेला दिसतो. “एवढ्या महिन्यापुरते वापरू, पुढच्या महिन्यात भरू,” असे कोणीतरी म्हणतेच. उशीर झाला तर वर्षाला अठरा टक्के व्याज, आणि प्रकरण मोठे असेल तर त्याहून कठोर कारवाई. पण व्याज ही दुय्यम बाब. ज्या दिवशी परक्याची ठेव आपली वाटू लागते, त्या दिवशी पत्र आपल्या हाताने दुसऱ्याच्या हाती दोरी देते. थकबाकीची नोटीस टेबलावर पडली असता अग्रलेख ताठ कण्याने लिहिता येतो का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

म्हणून, श्रोतेहो, मला माझे काम क्षुद्र वाटत नाही. पत्राचे स्वातंत्र्य घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात अभिप्रेत आहे, न्यायालयांनी ते जपले आहे, संपादक ते रोज वापरतात. पण महिन्याच्या वीस तारखेला, विवरणपत्र भरण्याच्या दिवशी, ते थोडेसे आमच्या खातेवहीतही असते. लेखणीला कोणाचे भय नको असेल, तर आधी हिशेबाला कोणाचे भय नको.