दुधाचा कळप: स्वागताध्यक्षीय भाषण

मांसासाठी पाळलेल्या बकरीचे दूध काढणे वेगळे आणि दुधासाठी कळप उभा करणे वेगळे. वऱ्हाडात पहिली गोष्ट गावोगाव आहे, दुसरी क्वचितच. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या-बोकड मोजले गेले. त्यांतल्या बहुतेकींचे दूध करडांच्या पोटात जाते आणि राहिलेच तर चहात. मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजारात या परिषदेसाठी आलेले पशुपालक, पशुवैद्यक आणि अभ्यासक यांचे स्वागत समिती या विषयाच्या मांडणीनेच करते.

विदर्भाची स्वतःची जात बेरारी. अंग तांबूस-तपकिरी, चेहऱ्यावर शिंगापासून नाकपुडीपर्यंत उतरणारे पट्टे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची नोंद आहे. ऊन आणि काटेरी पाला ती सोसते. दूध मात्र बेताचे. मराठवाड्यातली काळी उस्मानाबादी जुळ्यांसाठी नावाजलेली. खरी दुधाळ म्हणावी ती उत्तरेकडील जमनापारी आणि बीटल, किंवा स्वित्झर्लंडची सानेन. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत बीटलचा सानेन व अल्पाइनशी संकर करून दूध वाढवण्याचे प्रयोग झाले. पण बाहेरची उंच, पांढरी बकरी वाशीमच्या मे महिन्यात आणून बांधणे म्हणजे दुधापेक्षा औषधाचा खर्च ओढवून घेणे. गावच्या कळपातली उत्तम मादी आणि दुधाळ वंशाचा बोकड, हा मार्ग सावकाशीचा असला तरी टिकाऊ आहे.

अडचण बोकडापाशीच आहे. बकरी ईदच्या बाजारात अंगाने भरलेला, तजेलदार बोकड सर्वांत आधी विकला जातो आणि मागे राहिलेला किडकिडीत बोकड कळपाचा बाप होतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले की वाण उतरतो, आणि दोष खुराकाला दिला जातो. पैदाशीचा बोकड बाजाराच्या आधीच, त्याच्या आईचे दूध मोजून राखून ठेवावा लागतो; त्याच्या देखण्या अंगावरून लेकींच्या कासेचा अंदाज येत नाही. बाकीचे बोकड वेळेत खच्ची करावेत. पंचवीस-तीस माद्यांना एक बोकड पुरतो. दोन वर्षांनी तो बदलावा, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींना फळवतो.

दूध मोजण्याची रीत सोपी आहे. रात्री करडे वेगळी कोंडायची, सकाळी दूध काढून तोलायचे, मग करडे सोडायची. पंधरा दिवसांतून एकदा सगळ्या कळपाची अशी नोंद वहीत हवी. पहिलारू बकरीची तुलना तिसऱ्या वेताच्या बकरीशी करू नये.

बकरी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते, माज दीड दिवस टिकतो आणि गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. मेच्या मध्यावर फळलेली बकरी ऑक्टोबरच्या मध्यावर विते. तेव्हा बांधावर हिरवा पाला असतो आणि करडांना पावसाळी न्यूमोनियाची भीती कमी असते. दोन वर्षांत तीन वेत हा हिशेब मांसाचा. दुधाच्या बकरीला वर्षाला एक वेत आणि विण्याआधी दीड-दोन महिने भाकड काळ मिळाला, तरच कास भरते.

करडाला जन्मल्यावर पहिल्या तासात चीक मिळालाच पाहिजे. चाऱ्याचा प्रश्न या पट्ट्यात तितका कठीण नाही: सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे कुटार भरपूर, जोडीला सुबाभूळ, शेवरी, हादगा यांचा पाला आणि दुधाच्या प्रमाणात ढेपेचा खुराक. धोका आहे तो खळ्यावर. सोयाबीनच्या किंवा ज्वारीच्या राशीवर ताव मारलेली बकरी पोट बिघडून दगावू शकते.

पीपीआरची लस करडू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि आंत्रविषाराची पावसाळ्याआधी टोचून घ्यावी. कासदाह टाळायला धार काढण्याआधी हात आणि सड धुवावेत. बोकड दुभत्या बकऱ्यांपासून दूर बांधावा, कारण त्याचा उग्र वास दुधाला लागतो आणि लोक बकरीच्या दुधाला नाक मुरडतात. नवा बोकड कळपात सोडण्याआधी ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्यावी. हा रोग कच्च्या दुधातून माणसालाही होतो, म्हणून दूध उकळूनच वापरावे.