पतंग मोजायचे कुठे?

बोरी अरबच्या शिवारात कपाशी पात्या-फुलांवर आली की कामगंध सापळे लागतात. नियम तुम्हाला पाठ आहे: सलग 3 रात्री सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग सापडले, की गुलाबी बोंडअळीवर उपाय करायचा. आता पतंग मोजणारे कॅमेऱ्याचे सापळे निघालेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही असा सापळा तयार केला आहे. घेण्याआधी एकच विचारा. फोटोतले पतंग मोजले जातात कुठे?

काही यंत्रं फोटो थेट दूरच्या सर्व्हरकडे पाठवतात. गावात टॉवर असतो, पण अडाण नदीकडच्या वावरात रेंज मिळेलच असं नाही. फोटो पाठवताना बॅटरीही भराभर उतरते, आणि श्रावणात सोलर पॅनलला ऊन कुठलं? ‘लोरा’ रेडिओ कमी विजेवर काही किलोमीटर पोहोचतो, पण त्यातून आकडा जातो, फोटो नाही.

आपण सरकीसकट कापूस मुंबईला धाडत नाही. जवळच्या जिनिंगमध्ये रुई निघते, पुढे गाठीच जातात. इथेही तसंच करता येतं. गोठ्यात किंवा कृषी सेवा केंद्रात छोटा संगणक ठेवायचा आणि सापळ्यांचं जड काम त्याच्यावर सोपवायचं. हाच एज सर्व्हर. महादेव सत्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अशी कल्पना मोबाइलसाठी मांडली होती. शहरापेक्षा ती आपल्याच जास्त कामाची, असं माझं मत.

मात्र सगळंच एज सर्व्हरवर ढकलू नका. वाय-फाय गोठ्याजवळच्या सापळ्यांपुरताच पुरेल. लांबच्या सापळ्याने जागीच मोजून आकडा लोराने कळवावा. हे अशक्य नाही. वाधवानी एआय संस्थेने कपाशीसाठी केलेलं ॲप फोटोतले पतंग फोनमध्येच, नेटशिवाय मोजतं. सापळ्यांपलीकडेही हाच हिशेब: विहिरीवरची मोटार कोरडी चालली, तर ती बंद करण्याचा निर्णय स्टार्टरपाशीच व्हावा. तिथे कुणाच्या उत्तराची वाट पाहिली तर मोटार जळालीच समजा. तालुकाभराच्या आकड्यांवरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायला घाई नसते. ते काम खुशाल दूरच्या सर्व्हरला द्या.

म्हणून सापळा घेताना विक्रेत्याला तुमच्यासमोर इंटरनेट बंद करायला सांगा. तरीही पतंगांचा बरोबर आकडा आला, तरच पैसे द्या.