नगरविद्येच्या गुरूंचे पूर्वाश्रम



संन्याशाला त्याचा पूर्वाश्रम विचारू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. गुरूच्या बाबतीतही तो आज काय शिकवितो तेवढेच पाहावे, पूर्वी तो कोणत्या खात्यात कोणत्या हुद्द्यावर होता याची चौकशी करू नये, ही सभ्यता समजली जाते. आज मी ती सभ्यता जाणूनबुजून मोडणार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ‘डेव्हलपमेंट प्लॅनिंग युनिट’ नावाची एक संस्था आहे, आणि आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील सरकारी नोकरीत मुरलेली माणसे तेथे नगरविकासाचे शिक्षण घेण्यास जातात. तेथील अध्यापकांचे पूर्वाश्रम तपासले म्हणजे ही विद्या कशी घडत गेली ते तिच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक स्वच्छ दिसते, असे मला वाटते.

संस्थेचे मूळ एका विद्यार्थ्याच्या तक्रारीत आहे. आदेडोकुन आदेयेमी हा नायजेरियन तरुण इंग्लंडात वास्तुविद्या शिकत होता; थंडीवाऱ्यापासून घर कसे राखावे हे तेथे त्याला शिकविले जाई, आणि परत जाऊन घरे बांधायची ती भर उन्हात! त्याने हे गाऱ्हाणे मांडल्यावर १९५३ साली एक परिषद भरली, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेत उष्ण कटिबंधातील वास्तुविद्येचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याचे पहिले प्रमुख मॅक्सवेल फ्राय हे पश्चिम आफ्रिकेत आणि चंडीगडात काम केलेले वास्तुकार. म्हणजे आरंभी ही विद्या छप्पर, झरोके आणि सावली यांपलीकडे फारशी गेली नव्हती.

तिला पलीकडे नेले ते ओटो कोनिग्सबर्गर यांनी. १९०८ साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा यहुदी वास्तुकार हिटलरच्या अंमलात नोकरीस मुकला, इजिप्तमध्ये प्राचीन वास्तूंच्या संशोधनात काही वर्षे राहिला, आणि १९३९ साली, सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना, म्हैसूर संस्थानच्या चाकरीत रुजू झाला. पुढे टाटांसाठी जमशेटपूरचा आराखडा, ओरिसासाठी भुवनेश्वर या नव्या राजधानीचा आराखडा, आणि १९४८ पासून भारत सरकारच्या गृहनिर्माण खात्याचे संचालकपद, अशी ही चढती कमान होती. ती खाली आली दिल्लीत. फाळणीने बेघर झालेल्यांसाठी घराचे सुटे भाग कारखान्यात ओतावेत आणि जागेवर नेऊन जोडावेत, अशी त्यांची तेथील योजना होती. शास्त्रदृष्ट्या तीत खोट काढणे कठीण होते, परंतु तयार भिंतींना तडे जाऊ लागले, टीकेचा भडिमार झाला, योजना बारगळली आणि १९५१ साली कोनिग्सबर्गर यांनी हिंदुस्थान सोडला.

पुढे लंडनच्या विभागाची सूत्रे हाती घेणारा गुरू हा असा पोळलेला होता. ज्याचे सारे आराखडे यशस्वी झाले, त्याने बहुधा आराखडेच शिकविले असते. कोनिग्सबर्गर मात्र १९६४ साली असे म्हणू लागले की बृहत् आराखडा पुरा होईपर्यंत नगर वाट पाहत थांबत नाही. लोंढे येतच असतात, झोपड्या उठतच असतात, म्हणून आज करावयाची कृती हाच नियोजनाचा आरंभ समजावा. त्याआधीच्या काही वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या वतीने घाना, पाकिस्तान, सिंगापूर या मुलुखांतील गृहनिर्माणाच्या प्रश्नांचा अभ्यास करताना चार्ल्स अब्राम्स हे त्यांचे सहकारी होते. अब्राम्स वास्तुकार नव्हेत, वकील. घरासाठी वीट लागते त्याआधी जमिनीचा दाखला लागतो आणि कर्जाची सोय लागते, हे शहाणपण वास्तुकारापेक्षा वकिलाला आधी सुचावे यात आश्चर्य कसले?

१९७१ साली हे बिऱ्हाड युनिव्हर्सिटी कॉलेजात हलले आणि आजचे नाव रूढ झाले. मग आले जॉन टर्नर. शिक्षणाने वास्तुकार, परंतु १९५७ पासून आठ वर्षे पेरू देशात राहून, वस्तीतले लोक सरकारी मदतीवाचून स्वतःची घरे टप्प्याटप्प्याने कशी उभारतात हे पाहिल्यावर त्यांना आपल्या व्यवसायाच्या सर्वज्ञतेचीच शंका आली. टर्नर यांच्यावर तरुणपणापासून प्रभाव होता तो पॅट्रिक गेडिस यांचा, आणि येथे हे सूत्र आपल्या दारापर्यंत येते. कारण गेडिस हे मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रोफेसर (१९१९), आणि त्यांचा पूर्वाश्रम होता वनस्पतिशास्त्रज्ञाचा! वेलीला कापण्यापूर्वी तिची मुळे पाहावीत, ही त्या शास्त्राची शिस्त त्यांनी गल्ल्यांना लावली. इंदूरच्या होळकर दरबारासाठी त्यांनी लिहिलेला अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. त्यांच्या खुर्चीवर १९२४ साली जे बसले ते मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये संस्कृतचे अध्यापक होते, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे.

टर्नरनंतर लंडनच्या त्या दफ्तरात व्यवसायांची सरमिसळ वाढत गेली. नायजेल हॅरिस हे राजकीय अर्थशास्त्राचे अभ्यासक, ज्यांनी मुंबईच्या अर्थव्यवहारावर पुस्तक लिहिले, तेही तेथलेच. कॅरोलाइन मोझर या मानववंशशास्त्रज्ञ. एक्वेडोर देशातील ग्वायाकिल शहराच्या दलदलीवर बांबूंची घरे उभारून राहिलेल्या वस्तीत त्या आपल्या कुटुंबासह जाऊन राहिल्या, आणि पाण्यासाठी, रस्त्याच्या भरावासाठी अधिकाऱ्यांचे उंबरे झिजविणाऱ्या बायकाच असताना नियोजनाच्या कागदावर ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून पुरुषाचेच नाव का येते, हा प्रश्न घेऊन त्या वर्गात आल्या. इतका उघड प्रश्न विचारण्यास एवढी वर्षे लागली, याचे कारण मला त्याआधीच्या अध्यापकांच्या पूर्वाश्रमातच दिसते. ड्रॉइंग-बोर्डावर उंबरा ही एक रेघ असते.

तरीही या मालिकेत एक पूर्वाश्रम मला सापडत नाही. आमच्या नगरपालिकेच्या दफ्तरात जुनी बांधकामे, मोजणीचे नकाशे, घरपट्टीची थकबाकी, कोणत्या गल्लीखालून कोणता नळ गेला आहे आणि तो कोणाच्या वशिल्याने वळला, हे सारे तोंडपाठ असलेला एखादा अव्वल कारकून असतो. नवा अंमलदार आला की पहिला आठवडा तो या कारकुनापुढे शिष्यासारखा बसतो. असा मनुष्य लंडनला क्वचित पोहोचतोही. त्याला रजा मिळते, शिष्यवृत्ती मिळते, गरम कोट शिवला जातो. मग त्या वर्गात तो वही उघडून समोरच्या बाकावर बसतो.