पोरीच्या हातात हॉकीची काठी



आज आम्ही तुम्हांला एका खेळाडू बाईची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट खरी आहे. त्या बाईंचं नाव एलिझा नेल्सन. त्यांचा जन्म १९५६ साली आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याला झाला. त्या हॉकी खेळत. खेळता खेळता त्या साऱ्या देशाच्या मुलींच्या संघाच्या कप्तान झाल्या.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हॉकीचा आणि आपला काय संबंध? आपण कुस्ती जाणतो, कबड्डी जाणतो, खो-खो जाणतो. पण नांदेडच्या माणसाला हॉकी परकी नाही. गुरू गोविंदसिंघजींच्या नावानं नांदेडला हॉकीची मोठी स्पर्धा भरते. लांबलांबचे संघ तिथं खेळायला येतात. आम्ही स्वतः तिथं उभं राहून सामने पाहिले आहेत. लातूरकरांनीही एकदा येऊन पाहावेत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॉकीचं मैदान म्हणजे सुमारे सव्वा एकराचं रान. एका संघात अकरा खेळाडू, समोरच्या संघात अकरा. प्रत्येकाच्या हातात एक काठी. काठी खाली वाकडी असते आणि एका बाजूनं सपाट असते. त्या सपाट बाजूनंच चेंडू मारायचा. चेंडू दगडासारखा कडक. तो पायानं ढकलायचा नाही. दोन्ही टोकांना जाळं लावलेला एकेक गोल असतो. त्याच्यासमोर अर्धगोल आखलेला असतो. त्या अर्धगोलाच्या आत येऊन चेंडू मारला आणि तो जाळ्यात गेला, तरच गोल. एवढ्या रानात तासभर धावायचं म्हणजे छातीत दम पाहिजे आणि डोकंही शांत पाहिजे.

आता एलिझाबाईंकडे वळू.

जगातल्या खेळांची सर्वांत मोठी जत्रा म्हणजे ऑलिंपिक. ती चार वर्षांनी भरते. पुरुषांची हॉकी तिथं १९०८ साली आली. बायकांची हॉकी यायला १९८० साल उजाडावं लागलं. म्हणजे बहात्तर वर्षं बाईला दारातच थांबावं लागलं! त्या वर्षी ऑलिंपिक रशियातल्या मॉस्को शहरात होतं. राजकारणाच्या भांडणामुळे पुष्कळ देश तिथं आले नाहीत. बायकांच्या हॉकीत सहाच संघ उतरले. आपला संघ त्यांत होता आणि त्या संघात एलिझाबाई होत्या.

आपल्या मुलींनी ऑस्ट्रियाला हरवलं, पोलंडला हरवलं. झिंबाब्वे या आफ्रिकेतल्या देशाशी त्यांची बरोबरी झाली. पुढं याच झिंबाब्वेनं सोन्याचं पदक जिंकलं. म्हणजे जो संघ पहिला आला, त्यालाही आपल्या पोरींना हरवता आलं नाही. पण चेकोस्लोव्हाकियाशी एका गोलानं हार झाली. रशियाच्या संघाशी तीन-एक अशी हार झाली. तो एक सामना बरोबरीत सुटला असता, तरी आपल्याला पदक होतं. आपण चौथे आलो. चौथ्याला पदक नसतं.

हात रिकामे घेऊन परत येणं काय असतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको. पीक हातातोंडाशी येतं आणि पाऊस घेऊन जातो. मग शेतकरी काय करतो? तिफण मोडून टाकतो काय? नाही. तो पुढच्या मृगाची वाट पाहतो. एलिझाबाईंनीही काठी खाली ठेवली नाही.

दोन वर्षांनी, १९८२ साली, दिल्लीला आशियाई खेळ भरले. आशिया म्हणजे आपला भारत, चीन, जपान वगैरे देशांचा मिळून झालेला खंड. या खेळांतही बायकांची हॉकी तेव्हाच पहिल्यांदा आली. कप्तान होत्या एलिझा नेल्सन. आपल्या मुलींनी सोन्याचं पदक जिंकलं. त्याच खेळांत आपल्या पुरुषांचा संघ पाकिस्तानकडून सात-एक असा हरला. सारा देश त्या हारीचं दुःख करीत बसला. आम्ही तेव्हा विशीत होतो. आम्हीही रेडिओपुढं बसून हळहळलो. पोरींनी सोनं आणलं आहे, हे आमच्या ध्यानातही राहिलं नाही. आज त्याची लाज वाटते. सरकारनं मात्र त्याची आठवण ठेवली. १९८३ साली एलिझाबाईंना पद्मश्री हा मान दिला.

पुढं काय झालं तेही ऐका. १९८० नंतर आपल्या मुलींना पुन्हा ऑलिंपिकचं मैदान दिसलं ते २०१६ साली. मध्ये छत्तीस वर्षं गेली. या काळात शेजारच्या चीनमधल्या पोरी पुढं निघून गेल्या. आशियाई खेळांत त्यांनी २००२, २००६ आणि २०१० साली सोनं घेतलं. २००८ आणि २०२४ च्या ऑलिंपिकांत त्यांनी चांदीचं पदक मिळवलं. त्या काही आभाळातून पडल्या नाहीत. लेकरू लहान असतानाच तिथं निवड होते. खेळाच्या शाळेत नाव घातलं जातं. रोजचा सराव होतो.

आपल्याकडंही आता जाग येत आहे. सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यात वैष्णवी विठ्ठल फाळके नावाची शेतकऱ्याची लेक आहे. २०२३ साली चीनमध्ये आशियाई खेळ झाले. तिथं ती भारताकडून खेळली. चीननं आपल्याला हरवलं खरं, पण आपल्या मुलींनी जपानला हरवून तिसरा नंबर मिळवला. दुसऱ्याच वर्षी बिहारमधल्या राजगीरला आपल्या संघानं चीनलाही एक-शून्य असं हरवून करंडक जिंकला. २०२५ साली आशिया चषकात चीननं पुन्हा आपल्याला हरवलं. खेळ म्हटला की असं चालायचंच.

आणि दूर कशाला जायचं? आपल्या मुखेड तालुक्यातल्या होनवडज गावच्या भाग्यश्री जाधव पाहा. त्या अपंग आहेत. बसून लोखंडी गोळा फेकतात. २०२४ साली पॅरिसला अपंगांचं ऑलिंपिक झालं. तिथं भारताचा तिरंगा धरून पुढं चालण्याचा मान दोघांना मिळाला. त्यांतल्या एक आपल्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्रीबाई होत्या.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सातवीत एक मुलगी होती. हरणासारखी पळायची. तिची जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली. आम्ही तिच्या बापाकडं संमतीचा कागद पाठवला. बाप कागद घेऊन शाळेत आला. त्याला वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, “पोरीची जात आहे गुरुजी, परगावी नाही धाडणार.” कागद टेबलावर ठेवून तो निघून गेला. आम्ही एक शब्द बोललो नाही. कोण बाई सोबत जाणार, मुली कुठं राहणार, परत कधी येणार, हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं होतं. आम्ही ते त्याला वाचूनसुद्धा दाखवलं नाही. म्हटलं, कशाला कुणाच्या घरात बोला! पुढं दोन-तीन वर्षांत तिचं लग्न झालं.

मागच्या वर्षी ती आमच्या घरी आली. सोबत तिची लेक होती. मुलींसाठी खेळाची निवासी शाळा कुठं असते, ते विचारायला आली होती. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, “गुरुजी, तेव्हा तुम्ही गप्प बसलात. आता नका बसू.”

म्हणून आज बोलतो आहोत.

लातूर-नांदेडकडं मुलांच्या गुणांची फार काळजी घेतात. लातूर पॅटर्नचं नाव सगळीकडं झालं आहे. ते चांगलंच आहे. पण धावणाऱ्या लेकराला फक्त पुस्तकाला बांधून ठेवू नका. आणि मुलगी आहे म्हणून तर मुळीच ठेवू नका. हरेक मुलगी काही एलिझा नेल्सन होणार नाही. पण जी होऊ शकते, तीसुद्धा घरातून ‘हो’ आल्याशिवाय होत नाही.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. शाळेतून कागद आला की अंगठा शोधू नका, चष्मा शोधा. कागद पुरा वाचा. सोबत कोण बाई जाणार आहेत, मुली कुठं राहणार आहेत आणि परत कधी येणार आहेत, या तीन गोष्टी त्यात शोधा. नसतील तर शाळेत जाऊन विचारा. विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. समाधान झालं की खाली आपल्या हातानं सही करा. मायनं केली तरी चालते.

तेवढीच एक सही त्या दिवशी आमच्या टेबलावरच्या कागदावर नव्हती.