समन्स आलं तर दार लावून घेऊ नका
(पेठ तालुक्यातील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२०१८ च्या मार्चात आपली माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेली. पायाला फोड आले तरी मागं फिरली नाहीत. पण हीच माणसं पाड्यावर कोर्टाचा बेलीफ आला की रानात जातात. म्हणतात, "कागद घेतलाच नाही, तर केस होईल कशी?" बाबांनो, होते. आज तेवढंच सांगायला उभा आहे.

आधी कागद ओळखा. वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नाही. वनखात्याच्या रेंजरची नोटीसही समन्स नाही. दोन्हींना लेखी उत्तर द्यावं, पोच घ्यावी. समन्सवर कोर्टाचा शिक्का असतो, दावा नंबर असतो, वादी-प्रतिवादीची नावं असतात आणि तारीख असते. त्याच्यासोबत दाव्याची नक्कल असलीच पाहिजे. नसली तर बेलीफाला मागा. सही किंवा अंगठा करताना खाली त्या दिवसाची तारीख टाका. कागद घेतला म्हणजे दावा कबूल केला, असं होत नाही. कागद मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

नाकारला तर काय? बेलीफ समन्स दाराला डकवतो आणि तसा रिपोर्ट कोर्टात देतो. पोस्टाने आलेलं परत पाठवलं तर त्यावर "घेण्यास नकार" असा शेरा पडतो. कोर्ट म्हणतं, बजावणी झाली. तुम्ही घरी नसाल तर घरातल्या सज्ञान माणसाकडे देता येतं, बाई असो की बुवा. आपल्याकडे भात, नागली निघाली की लोक दिंडोरीकडं द्राक्षबागांवर जगायला जातात. घरी म्हातारी एकटी. ती कागद कणगीमागं खोचून ठेवते आणि मुदत तिथंच निघून जाते. म्हणून घरच्यांना सांगून जा: शिक्क्याचा कागद आला की त्याच दिवशी निरोप धाडा.

मुदत किती? दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आपली कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायचं. कोर्ट कारण लिहून मुदत वाढवतं, कायद्यात ती ९० दिवसांपर्यंत आहे. पण वाढ मिळेलच, हे धरून बसू नका. आणि एक गोष्ट ३० दिवसही थांबत नाही. दाव्यासोबत मनाईचा अर्ज असतो, कोर्टात त्याला निशाणी ५ म्हणतात. त्यावर पहिल्याच तारखांना हुकूम होऊ शकतो की तुम्ही शेतात पाय ठेवायचा नाही. तेव्हा पहिली तारीख चुकवायची नाही. दावा येणार अशी कुणकुण लागली तर आधीच कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालतं.

गेलाच नाहीत तर दावा एकतर्फी चालतो. समोरचा सांगेल तेवढंच कोर्टापुढे येतं. हे आजचं नाही. १८७५ साली पुणे-अहमदनगरकडचे शेतकरी सावकारांवर उठले. सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली, कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. चौकशीत दिसलं की कुणबी कोर्टात जातच नव्हता आणि सावकार एकतर्फी हुकूमनामे घेऊन जमिनी नेत होता. म्हणून १८७९ च्या कायद्यात आलं की कोर्टाने शेतकऱ्याला बोलावून विचारावं, रोख्यामागचा हिशोब बघावा. त्या लोकांनी फार मोठी किंमत मोजली. आपण तारखेला गेलो तरी पुष्कळ काम होतं.

एकतर्फी हुकूम झालाच तर हातपाय गाळू नका. हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. समन्स नीट बजावलंच नसेल, तर हुकूम कळला त्या दिवसापासून ३० दिवस. गैरहजेरीचं खरं कारण मात्र दाखवावं लागतं.

कैफियतीत काय लिहायचं? खोटं काय ते एकेक कलम घेऊन नाकारा. जे नाकारलं नाही ते कबूल धरतात. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीने घेतली असेल तर कलेक्टरची परवानगी कुठं आहे, हे विचारा. ६ जुलै १९७४ नंतर तिच्याशिवाय असा व्यवहार चालत नाही. वनजमीन असेल तर वनहक्काचा दावा कधी टाकला, कुठं पडून आहे, ते लिहा आणि पोच जोडा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे पडताळणी पुरी होईपर्यंत कब्जेदाराला काढता येत नाही. पण हे आपण सांगितलं तर कोर्टाला कळणार. सातबारा, फेरफार, दंडाच्या जुन्या पावत्या, ग्रामसभेचा ठराव, सगळं एका पिशवीत ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने आदिवासीला आणि कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, जातीचा दाखला जोडा.

फौजदारी समन्स असलं तर जास्तच जपा. तिथं गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं.

शेवटचं. प्रत्येक पाड्यावर शिकलेली दोन पोरं-पोरी नेमा. कोणाला काय कागद आला, तारीख कोणती, हे त्यांनी वहीत लिहायचं आणि ग्रामसभेत वाचायचं. तारखेला कोणालाही एकटं धाडू नका, सोबत दोघं तरी जा. जमीन आपल्या बापजाद्यांनी कसली आहे. ती न बोलता जाऊ द्यायची नाही.

जिंदाबाद!